वीस सेकंद पळा, दहा सेकंद दमा

डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला आणखी वेगळ्या व्यायामाची गरज असते, हे मला बरीच वर्षं मान्य नव्हतं. सकाळी रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, स्टेशनचा जिना चढायचा, आपला डबा जिथे येतो त्या नेमक्या फरशीवर पाय रोवायचे, आणि तेवढ्यात घोषणा ऐकायची की आजची जलद गाडी पलीकडच्या फलाटावर येते आहे. मग सॅक पोटाशी धरून पुन्हा जिना, पूल, जिना. आत शिरलो की ठाण्यापर्यंत एका पायावर विश्रांती. जीव खाऊन पळायचं, थांबायचं, दम परत येतोय असं वाटलं की पुन्हा जीव खाऊन पळायचं, याला जगात इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात आणि लोक त्यासाठी पैसे मोजतात, हे कळलं तेव्हा मला रेल्वेचा पास एकदम स्वस्त वाटायला लागला.

हा अभिमान रक्ताच्या रिपोर्टने उतरवला. डॉक्टरांनी आधी कागदावरचे आकडे पाहिले, मग माझ्या शर्टाची पोटावरची बटणं पाहिली आणि विचारलं, "व्यायाम?"

"अपडाउन करतो," मी म्हटलं.

"ते माझे सगळेच पेशंट करतात. रोज अर्धा तास भराभर चाला."

इतका साधा सल्ला तसाच्या तसा पाळणं माझ्या स्वभावात नाही. मी आधी वाचतो. वाचल्याने व्यायाम थोडा पुढे ढकलता येतो आणि अपराधीही वाटत नाही. त्या वाचनात मला एमिल झाटोपेक भेटला. चेकोस्लोव्हाकियाच्या या धावपटूने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं मिळवली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. त्याचा सराव म्हणजे चारशे मीटर जोरात, मग जरा सावकाश, पुन्हा चारशे जोरात, असे डझनावारी फेरे, आणि पायात पुष्कळदा लष्करी बूट. तो पाच हजार मीटर जिंकला त्याच दिवशी त्याच्या बायकोने, डानाने, भालाफेकीचं सुवर्णपदक पटकावलं.

"नवराबायकोने दोघांनी व्यायाम केला की काय होतं बघ," मी जेवताना म्हणालो.

"तुझे बूट कुठे आहेत ते आधी बघ," बायको म्हणाली. "दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर गेलेत."

आता खरा डाव सांगतो. एकट्याने सोसायचं ते पथ्य, घरादाराने सोसायचा तो उपक्रम. पथ्य मोडलं तर दोष आपला, उपक्रम मोडला तर घरच्यांचा. मी उपक्रमाच्या बाजूने कौल दिला. कारणही तयार होतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका रविवारी मी वही घेऊन बसलो आणि आमच्या दोन मुलांची मिनिटं मोजली. थोरली तेरा वर्षांची, तिची हालचाल मुख्यतः उजव्या अंगठ्याची. धाकटा नऊ वर्षांचा. तो सोफ्यावरून उडी मारून बाल्कनीत, तिथून आजीच्या खोलीत, तिचा चष्मा पळवून बाथरूमच्या दारापर्यंत, आणि ती ओरडली की परत, असा दिवसभर चालूच होता. पण ते मी धरलं नाही. तक्त्यात 'व्यायाम' असा रकाना होता, 'दंगा' असा नव्हता.

अनेक पद्धती पारखून मी ताबाता पद्धत निवडली. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक एक सराव करून घेत असत. इझुमी ताबाता या शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तपासला आणि १९९६ साली ते संशोधन छापून आलं. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, असे आठ फेरे. एकूण चार मिनिटं! आमच्याकडे संध्याकाळी लिफ्टसाठीही तेवढं थांबावं लागतं. मूळ प्रयोगातला 'जोर' म्हणजे सातव्या-आठव्या फेरीला माणसाला सायकलचं पायडल मारणं अशक्य व्हावं इतका होता, हे मी पुढे वाचलं असतं. पण पुढे वाचायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागणार होता.

मी शिट्टी आणली. मोबाईलवर एक ॲप घेतलं, त्यातली बाई वेळ झाली की "वर्क!" आणि "रेस्ट!" असं ओरडते. ॲपमध्ये आवाज सौम्य करायची सोय होती, ती मी वापरली नाही. शिस्त हवी. रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळाडू जमले: कमरेला ओढणी बांधलेली बायको, डोळे न उघडता चालू शकणारी थोरली, आणि आपण सहलीला चाललो आहोत अशा समजुतीत असलेला धाकटा. आई प्लास्टिकची खुर्ची घेऊन मजा बघायला आली. वॉचमन आपण होऊन आला.

"वर्क!" बाई ओरडली. आम्ही जागच्या जागी धावू लागलो. सहाव्या-सातव्या सेकंदाला धाकटा थांबला.

"बाबा, कुणाला पकडायचंय?"

"कुणालाच नाही. जागच्या जागी पळायचं."

"मग आपल्याला कोणी पकडायला येतंय?"

"नाही."

"मग पळायचं कशाला?"

"हृदय मजबूत होतं."

त्याने छातीवर हात ठेवून पाहिलं. "आहे की," तो म्हणाला आणि वॉचमनच्या काठीकडे वळला.

पहिल्या दहा सेकंदांच्या विश्रांतीत थोरली पाणी प्यायला चौथ्या मजल्यावर गेली. ती विश्रांती नाश्त्यापर्यंत टिकली. तिसऱ्या फेरीनंतर बायको म्हणाली की कुकर लावलाय. तो लावलेला नव्हता हे मला नंतर कळलं. मी मात्र एकटा लढत राहिलो, कारण आतापर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन प्रेक्षक आले होते. पाचव्या फेरीला मनगटावरच्या घड्याळाने नाडी दाखवली, १८१. तरुण-म्हातारे सगळ्यांसाठी एक ढोबळ सूत्र सांगतात: २२० मधून वय वजा करा, ती तुमच्या नाडीची कमाल. माझं वय पंचेचाळीस, म्हणजे कमाल १७५. गणिताप्रमाणे मी तिथे असायलाच नको होतो. सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक पुष्कळ फरक पडतो, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला माझं नावही ढोबळच आठवत होतं.

आईने उठून आपली खुर्ची मला दिली. ती त्र्याहत्तर वर्षांची आहे. वॉचमनने गॅलरीकडे बघून हातानेच खूण केली: आहेत, आहेत.

ॲपमधली बाई चिवट निघाली. तिला थांबवायचं राहून गेलं होतं. पुढे एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब रखडलेल्या कामांची यादी वाचत होते. ते माझ्या नावापाशी आले आणि माझ्या खिशातून खणखणीत आवाज आला, "रेस्ट!" साहेबांनी यादी खाली ठेवली. बाकी तपशील इथे नको.

मुलांसाठी व्यायाम गमतीचा करायचा तर त्याला खेळाचं रूप द्यावं, असं जो तो सांगतो. ते मला पटलं आणि मी पत्त्यांचा जोड काढला. इस्पिक आलं तर बैठका, बदाम आलं तर उड्या, चौकट आली तर जागच्या जागी धाव, किलवर आलं तर जोर. पान ओढायचं, जितका आकडा तितक्या वेळा करायचं. चित्राच्या पानांना दहा. जोकर आला तर आराम. या वेळी सगळे वेळेवर आले, थोरलीने तर "मी पिसते" म्हणून जोड हातात घेतला. उपक्रमाच्या इतिहासात तिने पहिल्यांदाच दाखवलेला हा उत्साह पाहून मला भरून आलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की किलवरची चित्रं ओळीने माझ्याकडे येताहेत आणि दोन्ही जोकर धाकट्याकडे गेलेत. मुलगी कुठे शिकली कोण जाणे, पण तिचं पिसणं सफाईचं होतं. किलवरच्या राणीचे दहा जोर घालायला मी जमिनीवर आडवा झालो, चौथ्याला तसाच राहिलो, आणि डोक्यावरून आईचा आवाज आला.

"पत्ते काढलेच आहेत तर बदाम सात तरी लावा."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई आली. पोहे आले. दुसऱ्यांदा पोहे आले. धाकटा किलवरची अट्ठी धरून बसला आणि आम्हा सगळ्यांची वाट अडवून धरली. तक्त्यात मी त्या दिवशी चाळीस मिनिटं लिहिली.

फार्टलेकचा प्रयोग थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मेर नावाच्या स्वीडिश प्रशिक्षकाने काढलेली ही पद्धत, म्हणजे घड्याळ न लावता, मन मानेल तसं कधी जोरात कधी सावकाश पळणं. स्वीडनमध्ये ते जंगलातल्या पायवाटांवर करतात. आम्ही एमआयडीसीच्या निवासी भागातल्या रुंद रस्त्यावर केलं. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धाव, पुढच्या खांबापर्यंत चाल, असा माझा नियम. तिसऱ्या खांबाखाली कुत्री झोपली होती. पुढचे बरेच खांब कुणी मोजले नाहीत. बायको सगळ्यांत पुढे होती. धाकट्याला मात्र तो आजवरचा सर्वोत्तम व्यायाम वाटला, आणि "उद्या पण कुत्र्यांकडे जायचं का?" असं तो रात्री झोपताना विचारत होता.

"बघ," आई म्हणाली, "मागे कुणी लागलं की पोरगं पळतं. त्याला शिट्टी कशाला हवी? आणि त्या मोबाईलातल्या बाईला आधी गप्प कर."

आईचं शिक्षण सांगली जिल्ह्यात झालं आणि शाळेच्या संघातून ती खो-खो खेळायची. हे आम्हाला माहीत होतं, पण गुडघेदुखीच्या आधीची आई हा आमच्या घरात फारसा चर्चेचा विषय नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चषक भारताने जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हा आई टीव्हीसमोर बसून प्रत्येक गड्याला सूचना देत होती. "हूल दे! अगं, हूल दे!" त्यांनी काही सूचना पाळल्या असाव्यात.

तिने सुरुवात विषामृताने केली. संध्याकाळी सोसायटीतली पोरं जमवली आणि मला त्यांच्यात सोडलं. ज्याच्यावर राज्य, त्याने हात लावून "विष" म्हटलं की पुतळा व्हायचं. आपल्यातल्या कुणी येऊन "अमृत" दिलं की पुन्हा पळायचं. जोर, विश्रांती, जोर, विश्रांती. ताबातासाहेबांनी पाहिलं असतं तर मान डोलावली असती. मला तर हा खेळ आरोग्याच्या दृष्टीने फारच योग्य वाटला, विशेषतः विषाचा भाग. भिंतीला टेकून शांतपणे उभं राहायचं आणि कुणी काही म्हणायचं नाही. मग मी होऊन विष घ्यायला पुढे जाऊ लागलो. अमृत घेऊन कुणी येताना दिसलं की खांबाआड सरकू लागलो. हे पोरांच्या ध्यानात आल्यावर विषावर बंदी आली, फक्त माझ्यापुरती.

मग खो-खो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले. पाठलाग करणाऱ्यांतले आठ जण ओळीत, एकाआड एक तोंड फिरवून बसतात, नववा पळतो. त्याने एकदा दिशा घेतली की माघारी वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधून जायचं नाही. पळणाऱ्या गड्याला मात्र कुठूनही जायची मुभा. समोरचा हातातून निसटतोय असं दिसलं की बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून "खो" द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. अशी नऊ मिनिटं. आमच्याकडे आठ बसायला पार्किंगमध्ये जागा नव्हती, म्हणून पाच. खुंट म्हणून इमारतीचेच दोन खांब. गाड्या बाहेर काढायच्या कुणाच्या, यावर जी चर्चा झाली ती मी गाळतो.

माझ्या तक्त्याला आठवडे घालवून जे जमलं नाही ते या रांगेने पहिल्याच संध्याकाळी केलं. मुलं तीन-चार सेकंद विजेच्या वेगाने पळत, खो देत, बसत, आणि बसल्या जागी पुढच्या खोची वाट बघत ताणलेली राहत. घड्याळाने दिलेली विश्रांती त्यांना शिक्षा वाटत होती. खेळात बसणं म्हणजे दबा धरणं. थोरली, जी जिने चढायचा कंटाळा म्हणून लिफ्टची वाट बघत बसते, ती खांबाला एका हाताने धरून वळली आणि सूर मारून पहिल्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा टिपला. "असं!" आई ओरडली. शिट्टी आता तिच्या गळ्यात होती.

आणि मी? मला खो मिळाला. मी उठलो, म्हणजे उठायला सुरुवात केली. तोवर माझा धाकटा, जो त्या वेळी पळणाऱ्यांत होता, ओळीतून आरपार पलीकडे गेला आणि मला हात हलवून दाखवू लागला. मला त्या फटीतून जाता येत नव्हतं. नियमानेही आणि आकारानेही. खांबाला वळसा घालून मी पलीकडे पोचलो तेव्हा तो अलीकडे होता. पुन्हा वळसा. "खो दे, खो दे!" सगळे ओरडत होते, पण खो द्यायला लागणारा श्वास माझ्याजवळ नव्हता. मी नुसतीच पाठीवर थाप मारली. "फाउल," आई म्हणाली. पोटच्या पोराला.

त्या रात्री पाय गरम पाण्यात सोडून मी पुन्हा वाचायला बसलो. १९९५ साली कॅलिफोर्नियात काही संशोधकांनी सहा ते दहा वर्षांची मुलं दिवसभर नुसती काय करतात हे सेकंदासेकंदाने टिपलं होतं. त्यांच्या जोरदार हालचालीचा एक झपाटा साधारण तीन सेकंदांचा, आणि बहुतेक सगळे झपाटे पंधरा सेकंदांच्या आत संपणारे. म्हणजे सोफ्यावरून बाल्कनी, बाल्कनीतून आजीची खोली, चष्मा, बाथरूम. जपानच्या स्केटिंग संघाकडून जे घोटवून घ्यावं लागलं, ते माझ्या घरात चड्डीवर चालू होतं आणि मी त्याला गप्प बस म्हणत होतो. २०१८ सालचं आणखी एक संशोधन सापडलं, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी केलेलं. आठ ते बारा वर्षांची मुलं, व्यायाम न करणारे पुरुष आणि राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू यांना सायकलवर जीव खाऊन पायडल मारायला लावलं. थकवा झेलण्यात ती पोरं थेट त्या कसलेल्या खेळाडूंच्या पंगतीला बसली, आणि त्यांच्या नाडीचे ठोकेही झपाट्याने खाली आले. व्यायाम न करणारे पुरुष कुठे राहिले ते मी वाचलं, पण ते मला त्या दिवशी प्रात्यक्षिकासह माहीत झालं होतं.

मी तक्त्यात 'दंगा' असा रकाना आखला. तो इतका भरला की 'व्यायाम'चा रकाना खोडून ती जागा त्याला द्यावी लागली.

आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. पार्किंगमध्ये आरडाओरडा होतो, 'खो' हा आवाज सहाव्या मजल्यापर्यंत जातो, आणि पार्किंग हे पार्किंगसाठी आहे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एक गडी कमी पडतोय," ती म्हणाली. "त्या पोराच्या नि या मुलीच्या मध्ये बसा. तोंड तिकडे करून."

तिच्या गळ्यात शिट्टी होती. ते बसले. आता गुडघ्याला पट्टा लावून नियमित येतात आणि आपली पाळी कापली गेली तर भांडतात. नोटीस बोर्डवर पार्किंगविषयीची सूचना अजून आहे, तिच्या खाली कुणीतरी संघांची नावं लिहिली आहेत.

माझा प्रश्न मात्र चिघळत गेला. मला कुठल्याही संघात घेतलं की तो संघ रडकुंडीला येई. मी पळणाऱ्यांत असलो की पहिला गडी मीच बाद, आणि पाठलागात असलो की समोरचे गडी माझ्याशी गप्पा मारत पळत. मग एका संध्याकाळी मुलांची बैठक भरली. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. निरोप घेऊन थोरली आली.

"बाबा, तू आजपासून कच्चा लिंबू. तीनदा टिपल्याशिवाय तू बाद नाहीस."

तिच्या मागे सहा वर्षांची एक चिमुरडी उभी होती, तिलाही तीनच मिळाले होते. ती माझ्याकडे सहानुभूतीने बघत होती. मी नोकरदार माणूस आहे, कर भरतो, सोसायटीच्या कमिटीवर एकदा निवडूनही आलो आहे. असा अपमान मी मुकाट सहन करणार नव्हतो.

"चारदा," मी म्हटलं.

मुलांनी पुन्हा डोकी जवळ आणली. सेक्रेटरी विरोधात होते. शेवटी निर्णय पंचांकडे गेला.

"तीन," आई म्हणाली. "आणि ऊठ आता, केव्हाचा खो दिलाय तुला."